तुटीची वाटणी

गोदावरीच्या खोऱ्यात पावसाळा १५ ऑक्टोबरला कागदावर संपवतात. त्या दिवशी पैठणच्या जायकवाडी धरणात उपयुक्त साठा किती उरला आहे ते पाहतात, खरिपाला दिलेले पाणी त्यात मिळवतात आणि बेरीज ६५ टक्क्यांच्या वर गेली की खाली राहिली, एवढेच तपासतात. वर गेली तर नाशिक आणि अहिल्यानगर जिल्हे त्या वर्षापुरते सुटले. खाली राहिली तर गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळात एक तक्ता उघडला जातो. वरच्या कोणत्या धरणसमूहाने आपल्याकडे जास्तीत जास्त किती पाणी ठेवायचे आणि त्यावरचे खाली सोडायचे, हे तो तक्ता सांगतो. समूह पाच आहेत : मुळा, प्रवरा, गंगापूर, दारणा आणि पालखेड.

जायकवाडीची उपयुक्त क्षमता ७६.६५ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातले ६५ टक्के म्हणजे जवळपास ५० टीएमसी. त्याखाली २६ टीएमसी मृत साठा वेगळा. त्याला मृत म्हणतात खरे, पण दुष्काळात मराठवाड्यातल्या शहरांनी याच साठ्यातून पाणी उपसून दिवस काढले आहेत.

हा तक्ता ज्या कायद्यातून आला तो २००५ चा, महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा. पाण्यासाठी असा स्वतंत्र नियामक नेमणारे महाराष्ट्र देशातले पहिले राज्य. त्यामागे जागतिक बँकेच्या कर्जाचा आग्रह होता, हे तेव्हाही उघड होते. पण कलम १२(६)(क) वाचताना बँक आठवत नाही. टंचाईची झळ खोऱ्यात सगळ्यांनी सारखी सोसावी, त्यासाठी ऑक्टोबरअखेर सर्व धरणांतल्या उपयुक्त पाण्याची टक्केवारी, खरिपाचा वापर धरून, साधारण सारखी राहील असे नियंत्रण करावे, असे ते कलम सांगते. पाणी मुबलक असताना ते कसे वाटायचे यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. तूट कशी वाटायची हे कायद्यात लिहिण्याची हिंमत मात्र कोणी फारशी दाखवलेली नाही.

त्यातली ‘खरिपाचा वापर धरून’ ही मोजकी अक्षरे जास्तीची वाटतात, पण सगळी मेख तिथेच आहे. ती नसती तर वरच्यांनी ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच पाटाला आवर्तने सोडून घेतली असती आणि ऑक्टोबरमध्ये अर्धे रिकामे धरण दाखवून हात वर केले असते. कलम लिहिणाऱ्याला पाटबंधारे खात्याची आणि माणसाच्या स्वभावाची चांगली ओळख असावी.

वरच्यांची बाजूही ऐकायला हवी. दारणा धरण १९१६ चे, भंडारदरा १९२६ चे. गोदावरी कालव्यांवर कोपरगाव-राहाता आणि प्रवरा कालव्यांवर श्रीरामपूर-राहुरीचा पट्टा ऊस पिकवू लागला तेव्हा जायकवाडी कोणाच्या स्वप्नातही नव्हते. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना, त्यामागून आलेली शिक्षणसंस्थांची आणि पुढाऱ्यांची रांग, हे सगळे त्याच पाण्यावर उभे राहिले. जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५ मध्ये झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचे उद्घाटन केले. पाणी वरच्या खोऱ्यातून येईल हे गृहीत धरलेले होते. पण त्यानंतरही वर धरणे, बंधारे आणि उपसा सिंचन योजना होतच राहिल्या. गोदावरी लवादामुळे पैठणपर्यंतचे सगळे पाणी महाराष्ट्राला वापरायला मिळाले, मात्र महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ते कोणी किती वापरायचे हा प्रश्न लवादाने राज्यावरच सोडला होता.

कायदा झाला आणि निजला. त्याखालचे नियम यायला २०१३ साल उजाडले. जाग आली ती २०१२ च्या दुष्काळाने. जायकवाडीचा उपयुक्त साठा तळाला गेला, प्रकरणे न्यायालयात गेली आणि वर्षानुवर्षे न वाचलेले कलम अचानक सगळ्यांना पाठ झाले. २०१३ मध्ये वाल्मीचे (जल व भूमी व्यवस्थापन संस्थेचे) तेव्हाचे महासंचालक हिरालाल मेंढेगिरी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि ६५ टक्क्यांची रेघ तिथून आली. समितीने ‘साधारण सारखी’ या शब्दांचा सरळ अर्थ घेतला नाही. सगळीकडे एकच टक्केवारी ठेवायची म्हटले तर जरा तूट पडली तरी नदीतून पाणी ढकलत बसावे लागेल, आणि ढकललेल्या पाण्यातले बरेच वाळूतच मुरेल. म्हणून तुटीच्या पायऱ्या पाडल्या : जायकवाडी जितके खाली, तितका वरच्यांचा हात आखडता. प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ च्या आदेशाने हे सूत्र लागू केले. साखर कारखान्यांसह अनेकांनी त्याला आव्हान दिले. सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राधिकरणाचा आदेश कायम ठेवला.

आदेश कसा अंमलात येतो, यासाठी २०२३ चे वर्ष पाहावे. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत सुमारे ४७ टक्के साठा होता. ३० ऑक्टोबरला महामंडळाने वरून ८.६०३ टीएमसी सोडण्याचे आदेश काढले : मुळेतून २.१०, प्रवरा समूहातून ३.३६, गंगापूरमधून ०.५० आणि दारणा समूहातून २.६४३. आता यातला योगायोग पाहा. त्याच प्रवरा खोऱ्यातल्या निळवंडे धरणाचे जलपूजन आणि डाव्या कालव्याचे लोकार्पण पंतप्रधानांच्या हस्ते २६ ऑक्टोबरला झाले होते. १९७० मध्ये मंजूर झालेल्या धरणाच्या पाण्याची लाभक्षेत्राने अर्धे शतक वाट पाहिली, आणि उत्सवाला चार दिवस होत नाहीत तोच प्रवरेच्या नावावर सगळ्यांत मोठा हप्ता लागला. अकोले-संगमनेरचा माणूस चिडला असेल तर त्याला नावे ठेवणे सोपे नाही.

आदेशाच्या कागदावर नदी सरळ असते. प्रत्यक्षात दारणेचे आणि गंगापूरचे पाणी नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून कोपरगाव ओलांडून नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, उतरते. मुळेचे आणि प्रवरेचे पाणी नेवाशाच्या बाजूने येते. पाणी सोडण्याआधी वाटेवरच्या कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बर्गे काढावे लागतात, नाहीतर प्रत्येक गाव आपला बंधारा भरून घेते. काठावरच्या कृषिपंपांची वीज तोडावी लागते. बंदोबस्ताला पोलिस लागतात. एवढे करून गळती उरतेच. मोजमाप वरच्या धरणाच्या दरवाजाशी होते, नाथसागरात उतरते ते त्याहून कमी असते, आणि हे ‘कमी’ किती यावर दरवर्षी दोन्ही बाजूंची आपापली गणिते असतात.

नदीपात्र जितके कोरडे तितके ते जास्त पिते. म्हणूनच कायद्यात ऑक्टोबरअखेरची मुदत आहे. २०२३ मध्ये आंदोलने, निवेदने, सर्वोच्च न्यायालय असे करत पाणी सुटायला नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. पाणी सोडणाऱ्यांनी ते द्यायला टाळाटाळ केली, आणि उशिरापायी मुरले ते कोणाच्याच वाट्याला आले नाही. याच्या आधी २०१५ मध्ये १२.८४ आणि २०१८ मध्ये ८.९९ टीएमसीचे आदेश निघाले, तेव्हाही वातावरण हेच होते. या सगळ्यातली मौज अशी की दोन्ही बाजूंच्या धरणांचा कारभार बहुतांशी एकाच महामंडळाकडे आहे. वादी आणि प्रतिवादी एकाच साहेबाला सलाम करतात.

तक्त्याची मर्यादा मला याहून वेगळ्या ठिकाणी दिसते. तो धरणाधरणांत न्याय करतो आणि धरणाच्या दरवाजाशी थांबतो. पुढे पाणी कालव्यात गेले की कालवा सल्लागार समितीचे राज्य, आणि त्या बैठकीत आमदार-मंत्री काय बोलतात यावर आवर्तने ठरतात. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब, परभणीकडे जाणारा. हेडला ऊस उभा असेल तर टेलच्या शेतकऱ्याने नाशिककरांशी भांडून मिळवलेल्या पाण्याचे काय करायचे? उसाला किती पाणी गेले याचा रकाना तक्त्यात वर नाही तसा खालीही नाही. समन्याय मागणाऱ्या मराठवाड्यातही साखर कारखाने वाढत गेले, ही गोष्ट पाणी परिषदांच्या व्यासपीठांवर हलक्या आवाजात बोलली जाते.

दरवाजाच्या पलीकडची व्यवस्था अशक्य आहे असे मात्र नाही. ती वरच्या खोऱ्यातच, दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर झाली आहे. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला टेलच्या शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या केल्या. ज्यांना कधी पाणी मिळत नव्हते त्यांच्यापासून सुरुवात करण्यात शहाणपण होते. पुढे संपूर्ण लाभक्षेत्र संस्थांकडे आले. पाणी घनमापाने मोजून घ्यायचे, पट्टी संस्थेने भरायची, पीक कोणते घ्यायचे ते शेतकऱ्याने ठरवायचे. पाणी मोजून मिळू लागल्यावर तिथला शेतकरी द्राक्षांकडे आणि ठिबककडे वळला. २००५ मध्ये शेतकऱ्यांच्या सिंचन व्यवस्थापनाचा कायदा झाला तेव्हा वाघाडचे उदाहरण समोर होते. जायकवाडीच्या लाभक्षेत्रात अशा संस्था कागदावर पुष्कळ झाल्या, पण चारीला पाणी मोजून देणारे यंत्रच नसेल तर संस्थेने वाटायचे काय?

आता सूत्र बदलण्याच्या हालचाली आहेत. २०२३ मध्ये नाशिकच्या मेरीचे (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे) तेव्हाचे महासंचालक प्रमोद मांदाडे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला गेला आणि त्याने ६५ चा आकडा खाली आणण्याची शिफारस केली. वरच्या जिल्ह्यांना तो उशिरा आलेला न्याय वाटला, मराठवाड्यात विरोध सुरू झाला. समुद्राकडे जाणारे पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी वळवून तूट भरून काढू, असे आश्वासन या भांडणात दोन्हीकडच्या सभांत दिले जाते, आणि ते दोन्हीकडे टाळ्या घेते. पण तो बोगद्यांचा आणि उपशाचा फार मोठा खर्च आहे. टक्केवारीचा हिशेब त्याहून जवळचा आहे : जायकवाडीचा एक टक्का म्हणजे पाऊण टीएमसीहून थोडे जास्त पाणी, आणि २०२३ मध्ये गंगापूर समूहाकडून मागितले होते त्याहून ते अधिक भरते.