ब्रश धुतला खरा, पण सुकला का?

गणपतीला चार दिवस उरले की मुंबई-पुण्याची, गोव्याची मंडळी बेळगाव-खानापूरकडच्या आपापल्या घरी यायला लागतात. घर भरतं. न्हाणीतल्या खिडकीवरचा, एरवी चार ब्रशांचा पेला दहा ब्रशांनी गच्च होतो. त्यात तीन निळे, दोन हिरवे. पहाटेच्या अर्धवट झोपेत कुणीतरी दुसऱ्याचाच ब्रश तोंडात घालतो. "अगं बाई, हा तर काकांचा!" म्हणून हसाहशी होते आणि विषय तिथंच संपतो.

विषय तिथं संपू नये इतका तो महत्त्वाचा आहे. रोज तोंडात जाणारी ही वस्तू घरात सगळ्यात दुर्लक्षित असते. पेस्ट कोणती घ्यावी यावर चर्चा होते, ब्रश कुठं आणि कसा ठेवला आहे हे कुणी बघत नाही.

दातवण रोज ताजं, ब्रश तीन महिने

आजोबांच्या पिढीला हा प्रश्नच नव्हता. कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी तोडायची, टोक चावून मऊ करायचं, दात घासायचे आणि काडी फेकून द्यायची. दुसऱ्या दिवशी नवी काडी. राखुंडी किंवा दंतमंजन लावणाऱ्यांचं बोट तर प्रत्येक वेळी धुतलंच जायचं.

ब्रशाचं तसं नाही. दिवसातून दोनदा म्हटलं तरी तीन महिन्यांत एकच ब्रश साधारण 180 वेळा तोंडात जातो. पूर्वी ब्रशाला डुकराचे केस लावत. ते पाणी धरून ठेवायचे, लवकर सुकायचे नाहीत. 1938 साली नायलॉनच्या तंतूंचे ब्रश बाजारात आले आणि ही अडचण बरीच कमी झाली. नायलॉन पाणी फारसं शोषत नाही, वाऱ्यावर लवकर कोरडा होतो. पण त्यासाठी ब्रशाला वारा मिळायला हवा, आणि नेमकं तेच आपल्याकडे होत नाही.

ब्रशावर उरतं काय?

माणसाच्या तोंडात शेकडो प्रकारचे जिवाणू असतात. दात घासून झाल्यावर त्यातले काही ब्रशावर येतात. सोबत लाळ, अन्नाचे बारीक कण, पेस्टचा अंश, आणि हिरड्या सुजलेल्या असतील तर रक्तही. न्हाणी आणि शौचालय एकत्र असेल तर फ्लश केल्यावर उडणारे बारीक तुषारही आसपासच्या वस्तूंवर बसतात. म्हणून झाकण बंद करून फ्लश करावा आणि ब्रश कमोडपासून लांब ठेवावा.

हे वाचून घाबरायचं कारण नाही. धडधाकट माणसाच्या ब्रशावर त्याच्याच तोंडातले जिवाणू असतील तर त्यातून मोठा आजार होतो, असं काही सिद्ध झालेलं नाही. काळजी घ्यायची ती दोन गोष्टींची. एक ओल, आणि दुसरी म्हणजे दुसऱ्याचं तोंड.

पावसाळ्यात ओल हटत नाही

कणकुंबी, जांबोटी, चोर्ला घाटाच्या पट्ट्यात पावसाळ्यात अंगावरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. मग न्हाणीतला ब्रश कुठून वाळणार? रात्रीचा ओला ब्रश सकाळी परत ओला होतो. ओलसर जागी जिवाणू आणि बुरशी दोन्ही वाढतात. पेल्याच्या तळाला बोट लावून बघितलं तर बुळबुळीत थर हाताला लागतो. ब्रशाची दांडी त्याच पाण्यात उभी असते.

यावर उपाय साधे आहेत. घासून झाल्यावर ब्रश वाहत्या पाण्याखाली धरून अंगठ्यानं तंतू मोकळे करत धुवावा. पेस्ट मुळाशी अडकून राहू देऊ नये. दोन-तीनदा झटकून पाणी काढावं आणि तंतूंची बाजू वर करून ब्रश उभा ठेवावा. एका ब्रशाचं डोकं दुसऱ्याला टेकता कामा नये. पेल्यापेक्षा खाली भोकं असलेला स्टँड बरा, कारण त्यात पाणी साचत नाही. पेलाच वापरायचा असेल तर आठवड्यातून एकदा साबणानं घासून उन्हात पालथा घालावा. पावसात विहिरीचं पाणी गढूळ होत असेल तर चूळ भरायला आणि ब्रश धुवायला पिण्याचंच पाणी घ्यावं.

आता प्रश्न झाकणाचा. रात्री न्हाणीत झुरळं फिरतात म्हणून अनेक घरांत ब्रशाला प्लास्टिकची टोपी घालतात. भीती खरी आहे, पण ओल्या ब्रशावर घट्ट टोपी घातली की आतली ओल आतच राहते. त्यापेक्षा ब्रश न्हाणीतून बाहेर काढावा. बेसिनवरच्या उंच फळीवर, जिथं हवा खेळते तिथं ठेवावा. टोपी घालायचीच तर भोकं असलेली, आणि तीही ब्रश कोरडा झाल्यावर. प्रवासात डबी वापरायला हरकत नाही. मुक्कामी पोचल्यावर मात्र आधी ब्रश बाहेर काढून ठेवावा.

"घरचाच तर आहे" म्हणू नये

नवरा-बायकोत, भावंडांत एकमेकांचा ब्रश वापरण्याला काही घरांत कुणी वावगं मानत नाही. पण हिरड्यांतून येणारं रक्त डोळ्यांना दिसेल इतकं असावं लागत नाही. यकृताला सूज आणणारा हिपॅटायटिस बी हा आजार रक्तातून पसरतो आणि त्याचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस टिकून राहू शकतो. अनेकांना आपल्याला ही लागण आहे हे माहीतही नसतं. म्हणूनच दाढीचं ब्लेड आणि टूथब्रश या दोन वस्तू कुणाशीही वाटून घेऊ नयेत, असं डॉक्टर बजावून सांगतात. आता बाळांना सरकारी लसीकरणात ही लस मिळते, पण घरातल्या मोठ्यांनी ती घेतलेली असेलच असं नाही.

लहान मुलांचंही तेच. दात किडवणारे जिवाणू लाळेतून एकाकडून दुसऱ्याकडे जातात. आईच्या ब्रशानं बाळाचे दात घासणं म्हणजे ते आयते पोचवणं. बाळाचा ब्रश वेगळा, छोट्या डोक्याचा आणि मऊच हवा.

अदलाबदल टाळायला खर्च लागत नाही. दांडीला रंगीत दोरा किंवा रबर बांधावा, नेलपॉलिशचा ठिपका द्यावा. आणि पाव्हण्यांसाठी वीस-तीस रुपयांचे दोन नवे ब्रश कपाटात ठेवावेत. ब्रश विसरून आलेल्या माणसाला मागायला संकोच वाटतो. समोर नवा ठेवला की प्रश्नच मिटतो.

उकळायचा का?

नाही. उकळत्या पाण्यानं तंतू वाकडे होतात आणि दांडीही वळते. मायक्रोवेव्हमध्ये तर ठेवूच नये. नीट धुणं आणि सुकवणं एवढं बहुतेकांना पुरतं. केमोथेरपी सुरू असलेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारून ब्रश अधिक वेळा बदलावा.

बदलायचा कधी?

तीन ते चार महिन्यांनी, किंवा तंतू फाकले की त्याआधीच. फाकलेला ब्रश दातांच्या फटीत पोचत नाही. महिन्याभरातच तंतू फाकत असतील तर दोष ब्रशाचा नाही, हाताचा आहे. इतका जोर लावून घासल्यानं हिरड्या मागे सरकतात आणि थंड-गरम झोंबायला लागतं. मऊ ब्रश आणि हलका हात हेच बरं. मुलं ब्रश चावतात, त्यांचा लवकर बदलावा लागतो.

तारीख लक्षात राहत नसेल तर सण लक्षात ठेवावेत. पाडवा, आषाढी एकादशी, दसरा आणि संक्रांत. वर्षाचे चार दिवस, साधारण तीन-तीन महिन्यांच्या अंतरानं येणारे. त्या दिवशी घरातल्या सगळ्यांचे ब्रश एकदम बदलले की हिशेब ठेवायला नको.

जुना ब्रश आपल्याकडे कुणी टाकत नाही. तो कुकरची रिंग घासतो, कंगवा साफ करतो, केसांना कलप लावतो आणि शेवटी दांडी उरते ती परकराची नाडी ओवायला. तसं जरूर करावं. फक्त कामाला लावलेला जुना ब्रश परत त्याच पेल्यात ठेवू नये. गणपतीत घर भरलं की पहाटेच्या अंधारात नेमका तोच कुणाच्या तरी हाताला लागतो.