आफ्रिकी प्रूनसची साल : लोकवैद्यक आणि आधुनिक उपयोग

आफ्रिकेच्या पर्वतीय अरण्यांत आढळणारा प्रूनस आफ्रिकाना हा सदाहरित वृक्ष औषधी वनस्पतींच्या अभ्यासात विशेष महत्त्वाचा आहे. गुलाब कुलातील ज्या प्रजातीत बदाम, जर्दाळू आणि आयुर्वेदातील पद्मक यांचा समावेश होतो, तिचाच हा आफ्रिकी प्रतिनिधी होय. त्याचे पान चुरडले असता कडू बदामासारखा वास येतो, तो ह्या नात्याची साक्ष देतो. जोसेफ हूकर यांनी 1864 मध्ये त्याचे वर्णन पायजियम आफ्रिकानम ह्या नावाने केले. कॉर्नेलिस काल्कमान यांनी 1965 मध्ये त्याचा समावेश प्रूनस प्रजातीत केला; तथापि औषधव्यवसायात ‘पायजियम’ हेच नाव रूढ राहिले. कॅमेरून, इथिओपिया, केनिया, दक्षिण आफ्रिका व मादागास्कर येथील उंच प्रदेशांत हा वृक्ष वाढतो.

ह्या सालीचे पारंपरिक उपयोग एकाच रोगापुरते मर्यादित नाहीत. ताप, हिवताप, पोटदुखी व छातीतील वेदना यांवर तिचा काढा देण्याचा प्रघात निरनिराळ्या जमातींत आढळतो. जखमांवरही ती वापरतात. लाकूड कठीण असल्यामुळे त्यापासून अवजारांचे दांडे करतात.

आधुनिक उपयोगाचे स्वरूप याहून भिन्न आहे. उतारवयात पुरुषांची अष्ठीला ग्रंथी कर्करोगाविनाही वाढते. त्यामुळे मूत्रमार्गावर दाब येऊन लघवीस अडथळा होतो व रात्री वारंवार उठावे लागते. ह्या विकारावर सालीचा अर्क वापरण्याचे एकस्व झाक दबा यांनी 1966 मध्ये मिळविले आणि त्यानंतर युरोपात त्या अर्काचा प्रसार झाला. प्रौढांची दैनिक मात्रा सामान्यतः 100 मिलिग्रॅमच्या आसपास असते.

येथे एक भेद ध्यानात घेणे अवश्य आहे. लोकवैद्य साल पाण्यात उकळतो; कारखान्यात मात्र मेदविद्राव्य घटक काढून घेणारे विद्रावक वापरतात. दोन्ही कृतींचे मूळ द्रव्य एक असले, तरी हाती येणारे औषध एक नव्हे. म्हणून काढ्याच्या परंपरेवरून अर्काची, किंवा अर्काच्या चाचण्यांवरून काढ्याची गुणवत्ता सिद्ध झाली असे मानणे युक्त ठरणार नाही.

अर्कात बीटा-सिटोस्टेरॉलसारखी स्टेरॉले, उर्सोलिक व ओलिॲनोलिक ही ट्रायटर्पीन अम्ले आणि फेरुलिक अम्लाची एस्टरे आढळतात. त्यांचे दाहशामक व ग्रंथिवृद्धिरोधक परिणाम प्रयोगशाळेत दिसून आले आहेत. परंतु बीटा-सिटोस्टेरॉल अनेक खाद्य वनस्पतींतही असते आणि अर्काच्या दैनिक मात्रेत त्याचे प्रमाण अल्पच असते. त्यामुळे सर्व परिणामाचे श्रेय त्या एका घटकास देता येत नाही. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेत 18 चाचण्यांतील 1,562 रुग्णांची माहिती तपासण्यात आली. त्यानुसार रात्रीच्या लघवीच्या वेळा 19 टक्क्यांनी घटल्या व मूत्रप्रवाहाचा कमाल वेग 23 टक्क्यांनी वाढला. मात्र ह्या चाचण्या अल्पकालीन होत्या, आणि दीर्घकालीन परिणामांविषयी त्यांवरून निष्कर्ष काढता येत नाही.

परिणाम एखाद्या संयुगाशी निगडित करता आला असता, तर त्याचे संश्लेषण करून सालीची गरज टाळता आली असती. तसे न झाल्यामुळे सर्व भार वृक्षावरच पडला. खोडाच्या समोरासमोरच्या दोन चतुर्थांश भागांवरील साल काढून उरलेले भाग काही वर्षे तसेच ठेवले आणि सालीखालील वाढीचा थर दुखावला नाही, तर साल पुन्हा धरते. परंतु मागणी वाढल्यावर अनेक ठिकाणी संपूर्ण खोड सोलले गेले, कित्येक वृक्ष तोडले गेले. 1995 पासून हा वृक्ष साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याविना होऊ शकत नाही. कॅमेरूनमधील सालीची युरोपीय संघातील आयात 2007 मध्ये काही काळ थांबविण्यात आली होती.

लागवड हा यावरील स्वाभाविक उपाय होय. मात्र बी फार काळ टिकत नाही आणि झाड सोलण्याजोगे होण्यास अनेक वर्षे लागतात. तेव्हा ह्या औषधाचे भवितव्य रसायनशास्त्राइतकेच वनसंवर्धनावरही अवलंबून आहे, असे म्हणावे लागते.