जोखमींची साखळी ओळखताना

१६ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकले. झाडे उन्मळून वीजवाहिन्यांवर पडली, खांब कोसळले आणि राज्याचा मोठा भाग अंधारात बुडाला. विजेअभावी पाणीपुरवठ्यात खंड पडला, मोबाइल सेवाही विस्कळीत झाली. त्या वेळी कोविडची दुसरी लाट तीव्र होती. वादळ, वीज, पाणी आणि दूरसंचार ही कागदावर चार वेगळी संकटे; प्रत्यक्षात ती एकामागून एक ओढली गेली.

संकटांमधील हे नाते आधीच नोंदवून ठेवता यावे, यासाठी जोखीम व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते. एका जोखमीची नोंद दुसरीशी जोडण्याची ही सोय साधी दिसते. तिचे महत्त्व मात्र मोठे आहे.

सुट्या नोंदींची मर्यादा

बँका, इस्पितळे, बंदरे, कारखाने अशा संस्था संभाव्य धोक्यांची एक नोंदवही ठेवतात. तिला ‘रिस्क रजिस्टर’ म्हणतात. प्रत्येक धोक्यासाठी एक ओळ असते. तो घडण्याची शक्यता आणि त्याचा परिणाम यांना बहुधा १ ते ५ असे गुण दिले जातात. शक्यता ३ आणि परिणाम ४ असेल, तर गुणाकार १२. त्यापुढे उपाययोजना आणि जबाबदार अधिकारी यांची नोंद होते. गुणांच्या उतरत्या क्रमाने यादी लावली की, कोणत्या धोक्याकडे आधी लक्ष द्यावे, ते कळते.

या पद्धतीतील उणीव अशी की, प्रत्येक ओळ एकटीच वाचली जाते. विजेची नोंद अभियंता पाहतो, औषधसाठ्याची नोंद भांडारप्रमुख पाहतो. वीज गेल्यावर शीतकपाटातील लसींचे काय होईल, हा प्रश्न दोन ओळींच्या मधल्या रिकाम्या जागेत हरवतो.

नात्यांचे तीन प्रकार

पहिले नाते कार्यकारणाचे. वीज खंडित झाली की शीतकपाट बंद पडते. शीतकपाट बंद पडल्याने वीज जात नाही. म्हणून या जोडणीला दिशा असते आणि ती नोंदवावी लागते.

दुसरे नाते समान कारणाचे. अतिवृष्टीने रस्ता बंद होतो आणि तळघरात पाणीही शिरते. या दोन घटना एकमेकींना घडवत नाहीत, पण एकाच दिवशी येतात.

तिसरे नाते समान उपायाचे, आणि तेच सहसा नजरेआड राहते. शस्त्रक्रिया विभाग, संगणककक्ष आणि पाण्याचा पंप या तिन्हींच्या नोंदीत उपाय म्हणून ‘जनरेटर’ असे लिहिलेले असते. तिघेही अधिकारी निश्चिंत असतात. या नोंदी जनरेटरच्या एकाच नोंदीशी जोडल्या, की तीन ओझी एकाच खुंटीला टांगलेली आहेत, हे ध्यानात येते. जनरेटरची देखभाल रखडली, तर तिन्ही जोखमींचे गुण नव्याने तपासावे लागतात.

गणित बदलते ते असे

वर्षभरात वीजपुरवठा दीर्घकाळ खंडित होण्याची शक्यता १०० पैकी १ आणि त्या वेळी जनरेटर न चालण्याची शक्यताही १०० पैकी १, असे मानू. दोन्ही घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर त्या एकत्र घडण्याची शक्यता १०,००० पैकी १ ठरते. परंतु ज्या पुरामुळे वीज जाते, तोच पूर जनरेटरही बुडवत असेल, तर ती शक्यता १०० पैकी १ च्या जवळ जाते. आकडे तेच राहूनही धोका जवळजवळ शंभरपट होतो.

जपानमधील फुकुशिमा दाइची अणुऊर्जा प्रकल्पात ११ मार्च २०११ रोजी हेच घडले. भूकंपामुळे बाहेरील वीज तुटली आणि राखीव डिझेल जनरेटर अपेक्षेप्रमाणे सुरू झाले. तासाभराच्या आत त्सुनामीची लाट आली. बहुतेक जनरेटर आणि वीजवितरणाची यंत्रणा इमारतींच्या खालच्या भागात होती. ती पाण्यात गेली. पर्यायी यंत्रे अनेक होती, पण एकच लाट त्यांच्यापर्यंत पोहोचली. सहाव्या अणुभट्टीचा, अधिक उंचीवर बसवलेला आणि हवेने थंड होणारा एक जनरेटर मात्र बचावला. त्याच्या विजेवर पाचवी आणि सहावी अणुभट्टी सावरता आली.

जोडताना घ्यावयाची काळजी

सगळेच सगळ्याशी जोडले, तर पडद्यावर कोळ्याचे जाळे तेवढे उरते. म्हणून प्रत्येक जोडणीसोबत ‘कशामुळे काय घडेल’ हे एका वाक्यात लिहावे. असे वाक्य सुचत नसेल, तर ती जोडणी टाळावी. एकाच नुकसानीचे गुण दोन नोंदींत दोनदा धरले जात नाहीत ना, हे पाहावे. यंत्र, जागा किंवा पुरवठादार बदलला, की जोडण्या पुन्हा तपासाव्यात.

सॉफ्टवेअर ही नाती जपून ठेवते, एका नोंदीतील बदलाची सूचना दुसऱ्या अधिकाऱ्याला देऊ शकते. नाते मुळात ओळखण्यासाठी मात्र वेगवेगळ्या विभागांच्या माणसांना एकत्र बसावे लागते. लहान हॉटेल किंवा पतसंस्थेला त्यासाठी महागडी प्रणालीही नको. पावसाळ्यापूर्वी करावयाच्या कामांच्या वहीत आणखी दोन रकाने आखले तरी पुरे : ‘हे बंद पडले तर आणखी काय बंद पडेल?’ आणि ‘ज्या दिवशी या उपायाची गरज भासेल, त्या दिवशी तो चालू स्थितीत असेल का?’