मुंबईतली चित्रकथांची जत्रा : आम्ही काय पाहिले, काय आणले

वाचकहो, आपल्या घरात आठवी-नववीच्या पुढचे लेकरू असेल, तर त्याच्या वहीची शेवटची पाने एकदा उघडून पाहा. मोठमोठ्या डोळ्यांची, टोकदार केसांची, हातात तलवार घेतलेली मुले-मुली तिथे काढलेली दिसतील. ‘अभ्यास सोडून हे काय भूत-बित काढलंय?’ म्हणून आपण रागावतो. लेकरू वही मिटते आणि विषय तिथेच संपतो.

ही चित्रांची तऱ्हा जपानची आहे. कागदावरच्या चित्रकथेला तिथे ‘मांगा’ म्हणतात आणि पडद्यावर हलणाऱ्या चित्रांना ‘अ‍ॅनिमे’. आपल्याकडची लाखो मुले आज ती पाहतात. त्यांच्या चाहत्यांचे मोठाले मेळावे शहरांत भरतात. असाच एक मेळावा, ‘मुंबई कॉमिक कॉन’, १२ आणि १३ एप्रिल २०२५ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात भरला होता. माझा बालमित्र, त्याची लेक आणि मी असे तिघे गंगापूरहून तो पाहायला गेलो.

मित्र वाळूजच्या एमआयडीसीत मशीनवर आहे. वहिनी घरी ब्लाऊज शिवतात. लेकीने दहावीची परीक्षा नुकतीच दिली होती आणि घरात एकच वाद चालला होता. ती म्हणे, मला चित्रकलेचे शिकायचे आहे. बाप म्हणे, चित्रं काढून कुणाचं पोट भरलंय? गल्लीतल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देण्याचे काम मी बरीच वर्षे करतो, म्हणून हा वादही माझ्याकडे आला. मी म्हणालो, “गड्या, न पाहता नाही म्हणण्यापेक्षा एकदा पाहून येऊ. मग काय ते ठरव.”

ही चित्रे आली कुठून?

मांगा हा काही श्रीमंतांचा शौक म्हणून वाढला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान बेचिराख झाला होता. मुलांच्या हातात पैसा नव्हता, करमणुकीची साधने नव्हती. अशा वेळी ओसाका शहरात हलक्या कागदावर छापलेली स्वस्त चित्रपुस्तके निघू लागली. थोड्या पैशात पुस्तक भाड्याने देणारी दुकाने गल्लोगल्ली झाली आणि कारखान्यात राबणारी पोरे तिथून पुस्तके नेऊन वाचू लागली. डॉक्टरीचे शिक्षण घेतलेल्या ओसामू तेझुका या तरुणाचे एक चित्रपुस्तक १९४७ साली निघाले आणि ते लाखोंनी खपले. त्याच तेझुकांची ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ ही चित्रमालिका १ जानेवारी १९६३ पासून जपानच्या टीव्हीवर सुरू झाली. अ‍ॅनिमेचे टीव्हीवरचे युग तिथून सुरू झाले असे मानतात.

आपल्या घरात हा प्रकार नवा आहे असेही नाही. १९९३ साली दर रविवारी दूरदर्शनवर मोगलीचे ‘जंगल बुक’ लागायचे. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी सगळी गल्ली जमायची. ती मालिका जपानमध्येच तयार झाली होती. पुढे २००५-०६ च्या सुमारास डोरेमॉन आणि शिनचॅन हिंदी बोलत आले. २०१९ साली तर भारतातल्या चाहत्यांनी हजारो सह्यांची मागणी केली, तेव्हा ‘वेदरिंग विथ यू’ हा जपानी चित्रपट आपल्या चित्रपटगृहांत लागला. मागणी करून, सह्या गोळा करून काही मिळवणे ही रीत आपल्याला चांगली ठाऊक आहे!

आत काय असते?

शुक्रवारी रात्री औरंगाबादहून (म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून) देवगिरी एक्स्प्रेसने निघालो आणि सकाळी दादरला उतरलो. दादर आपल्याला ६ डिसेंबरमुळे पाठ. तिथून लोकलने कुर्ला आणि पुढे बस. जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटर म्हणजे काचेची उंच इमारत. दारात मित्र थबकला. हळूच म्हणाला, “इथं आपल्याला आत सोडतील का रे?” मी म्हणालो, “तिकीट आहे ना खिशात? मग झालं.” लेक मात्र केव्हाच रांगेत जाऊन उभी राहिली होती.

आतला प्रकार सांगायचा तर ६ डिसेंबरचे शिवाजी पार्क डोळ्यांपुढे आणा. पुस्तकांचे स्टॉल, बिल्ले, चित्रे, दिनदर्शिका, आणि खांद्याला खांदा लागेल अशी गर्दी. इथे श्रद्धेचा भाग नाही, निव्वळ हौस आहे, पण मांडणी ओळखीची वाटते. एका बाजूला मोठ्या कंपन्यांची दालने, दुसऱ्या बाजूला पुस्तके, एका टोकाला स्टेज. आणि सगळीकडे वेश करून आलेली मुले-मुली. आपल्या आवडत्या पात्राचा हुबेहूब वेश करून यायचे, याला ‘कॉस्प्ले’ म्हणतात.

आमची लेकही वेश करून आली होती. ‘डीमन स्लेयर’ नावाच्या कथेतला तांजिरो हा तिचा आवडता. तांजिरो हा डोंगरातल्या कोळसा विकणाऱ्या घरातला थोरला मुलगा. बाप वारलेला. घरावर राक्षसाने घाला घातल्यावर उरलेल्या एकट्या बहिणीसाठी तो तलवार हाती घेतो. त्याचा हिरव्या-काळ्या चौकड्यांचा अंगरखा प्रसिद्ध आहे. वहिनींनी तो हिरव्या सुती कापडावर काळे चौकोन जोडून शिवला होता. कानातले डूल कार्डशीटचे, तलवार पुठ्ठ्याची. तिथे अनोळखी पोरेपोरी तिला ‘तांजिरो!’ म्हणून हाक मारीत होत्या आणि सोबत फोटो काढू का, म्हणून विचारत होत्या. एका मुलीने अंगरख्याची शिलाई उलटून पाहिली आणि विचारले, “हे कुणी शिवलं? विकत मिळत नाही असं!” लेक ताठ मानेने म्हणाली, “माझ्या आईनं.” मित्र माझ्याकडे बघून हसला.

मुलींच्या पालकांसाठी एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. वेश केलेल्या माणसाचा फोटो त्याला विचारल्याशिवाय घ्यायचा नाही आणि परवानगीशिवाय अंगाला हात लावायचा नाही, असा अशा मेळाव्यांचा नियम असतो. हा नियम लेकीला आधी सांगून ठेवावा आणि कुणी मोडला तर तिथल्या स्वयंसेवकाला लगेच सांगायला शिकवावे.

टेबलामागची मुलगी

मोठ्या दालनांपेक्षा आम्ही जास्त वेळ थांबलो ते एका कोपऱ्यात. तिथे चित्रकारांसाठी छोटी टेबले मांडलेली असतात. टेबलामागे चित्र काढणारा स्वतः उभा, पुढ्यात त्याने स्वतः छापलेली चित्रे, स्टिकर, पुस्तिका. एका टेबलामागे पंचविशीतली एक मुलगी होती. लेकीने घाबरत घाबरत आपली वही तिच्यापुढे केली. तिने पान न् पान पाहिले आणि हसून विचारले, “तुझ्या सगळ्या माणसांचे हात खिशात का असतात गं?”

लेक लाजली. हात काढायला अवघड जातात म्हणून ती ते लपवत होती. त्या ताईने सांगितले, “टीव्हीवरून नक्कल करून हात यायचे नाहीत. बसस्टँडवर बस, बाजारात बस. खरी माणसं काढ. रोज दहा हात काढ.”

मग मित्राने आपला ठेवणीतला प्रश्न विचारला, “ताई, ह्याच्यात पोट भरतं का?”

तिने खरे उत्तर दिले. “काका, ह्या टेबलावर नाही भरत. मी एका स्टुडिओत पगारावर चित्रं करते, त्याच्यावर घर चालतं. हे टेबल माझ्या स्वतःच्या गोष्टीसाठी. पण नोकरीसाठी शिक्षण लागतं आणि शिकतानाची दोन-चार वर्षं घरच्यांनी कळ काढावी लागते.” खोटी आशा नाही आणि निराशाही नाही. मित्राला हे उत्तर पटले.

तिथे गिऱ्हाईक कुणी नाही

या छोट्या टेबलांचा इतिहास मोठा आहे. २१ डिसेंबर १९७५ रोजी टोकियोत ‘कॉमिक मार्केट’ नावाचा पहिला मेळावा भरला. जेमतेम ३२ गट आणि सुमारे ७०० माणसे. त्यांत बहुतेक शाळकरी मुली होत्या! ज्यांना प्रकाशक विचारत नव्हते, त्यांनी स्वतः काढलेल्या, स्वतः छापलेल्या पुस्तिका एकमेकांना विकल्या. आज तो मेळावा वर्षातून दोनदा भरतो. २०१९ च्या डिसेंबरात चार दिवसांत तिथे सुमारे साडेसात लाख हजेऱ्या लागल्या. आजही तो स्वयंसेवकांच्या बळावर चालतो आणि त्याचे तत्त्व असे, की विकणारा असो की घेणारा, इथे गिऱ्हाईक कुणी नाही, सगळे सहभागी.

हे वाचून आपल्याला काय आठवते? दोन-पाच रुपयांच्या पुस्तिका, गाण्यांची चोपडी, पिशवीत घालून गावोगावच्या जयंतीला आणि दीक्षाभूमीला नेऊन विकणारी आपली माणसे! मोठ्या प्रकाशकांनी दार उघडले नाही, म्हणून आपण चटई अंथरून पुस्तके मांडली. जपानच्या त्या शाळकरी मुलींनी तेच केले.

आपली गोष्ट चित्रांत

आणि चित्रांतून गोष्ट सांगणे आपल्या जिल्ह्याला शिकवायला नको. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात जातककथा भिंतीभर चित्रांत सांगितलेल्या आहेत. ज्याला अक्षर येत नव्हते, त्यालाही त्या कळत होत्या.

तेझुकांनी १९७२ ते १९८३ या काळात ‘बुद्ध’ नावाची मोठी चित्रकथा लिहिली. इंग्रजीत तिचे ८ खंड आहेत आणि त्या आवृत्तीला २००४ व २००५ साली अमेरिकेतला आयझनर पुरस्कार मिळाला. कथेची सुरुवात राजवाड्यात होत नाही. चाप्रा नावाचा शूद्र गुलाम मुलगा आणि तत्ता नावाचा जातिबाह्य मुलगा यांच्यापासून ती सुरू होते. ही दोन्ही पात्रे तेझुकांच्या कल्पनेतली आहेत, तेव्हा चरित्र म्हणून ती वाचू नये. चरित्रासाठी बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ आहेच. पण एका जपानी चित्रकाराला बुद्धाची गोष्ट सांगताना आधी जातीची गोष्ट सांगावी वाटली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. इकडे २०११ साली दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी ‘भीमायन’ या इंग्रजी पुस्तकात बाबासाहेबांचे जीवन चितारले. त्यांनी जपानची नक्कल केली नाही. आपल्या गोंड रेषेतच चित्रे काढली आणि ती जगभर पाहिली गेली.

खर्चाचा हिशेब

मी बी.कॉम.चा माणूस, हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. तिघांची तिकिटे, रेल्वेचे जाणे-येणे, खाणे आणि वेशाचे ४१० रुपये धरून सहा हजारांच्या आसपास खर्च झाला. मित्राने तो भिशीतून केला. कष्टकरी घराला ही रक्कम लहान नाही. म्हणून सांगतो, कर्ज काढून कुणी जाऊ नये. दरवर्षी जाण्याचीही गरज नाही. तिथल्या बाहुल्या आणि टी-शर्ट घेतले नाहीत म्हणून काही बिघडत नाही. आम्ही घेतल्या त्या फक्त दोन पुस्तिका, त्या ताईच्या टेबलावरून.

शिक्षणाची वाट मात्र माहीत असावी. शाळेत असतानाच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा द्याव्यात, इंटरमिजिएटचे वाढीव गुण दहावीला मिळतात. बारावीनंतर राज्य सीईटी कक्षाची कला अभ्यासक्रमांची प्रवेश परीक्षा असते. शासकीय कला महाविद्यालय आपल्याच संभाजीनगरात आहे, मुंबईला जे.जे. आहे. चित्रकलेच्या पदवीला बारावीची कुठलीही शाखा चालते. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाडीबीटीवर पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. अर्ज मुदतीत भरा, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

आम्ही काय आणले

रविवारी सकाळी आम्ही परत आलो, कारण दुसऱ्या दिवशी जयंती होती. जूनमध्ये लेकीने अकरावी विज्ञानाला प्रवेश घेतला. बापाचीही इच्छा राहिली आणि चित्रकलेची वाटही बंद झाली नाही. त्या वर्षावासात मात्र ती रोज संध्याकाळी आजीजवळ वही घेऊन बसू लागली. आजी तिला १९७२ च्या दुष्काळाचे सांगायची. रोजगाराच्या कामावर खडी फोडायला जाणे, मिळालेली सुकडी पदरात बांधून लहान भावंडांसाठी आणणे, हाताला आलेले फोड. लेकीने त्याची सोळा पानांची चित्रकथा केली. डोळे जपानी धाटणीचे मोठे आहेत, पण नेसण नऊवारीचे आहे आणि तलवारीच्या जागी हातोडी आहे. एकाही माणसाचा हात खिशात नाही. पानोपानी हात आहेत.

चाळीस झेरॉक्स प्रती काढल्या आणि विहारात एका टेबलावर दहा-दहा रुपयांना ठेवल्या. दोन दिवसांत संपल्या. आजीला अक्षर येत नाही. तिने ती पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बोट फिरवत पाहिली आणि एका चित्रावर थांबून म्हणाली, “मुकादम काही एवढा देखणा नव्हता बाई.”

आपली मुले आज जपानच्या, अमेरिकेच्या गोष्टी पैसे देऊन पाहतात. पाहू द्या, त्यात वाईट काही नाही. पण ती नुसती टेबलाच्या अलीकडे पैसे घेऊन उभी राहू नयेत. आपल्या घरात खडी फोडल्याच्या, गिरणी बंद पडल्याच्या, शिकायला मैलोन् मैल चालल्याच्या गोष्टी पोत्याने पडून आहेत, आणि त्या सांगणारी माणसे एकेक करून चालली आहेत. येत्या जयंतीला आपल्या विहारात मुलांसाठी एक टेबल मांडा. दहा कोरे कागद आणि एक पेन्सिल, एवढे भांडवल पुरे आहे.