मांजराची भूक आणि मांजराचे भय

पावसाळ्याच्या दिवसांत जिन्याखाली, गटाराच्या कडेला किंवा मंडईमागच्या उकिरड्यावर भिजून काकडलेले मांजराचे एखादे पिल्लू कोणाच्या तरी दृष्टीस पडते आणि दयेपोटी ते घरी आणले जाते. आठवडाभरात ते घरात रुळते, मुलांच्या मांडीवर झोपते, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांत घोटाळते. परंतु स्वयंपाकघरात ताटली वाजली की तेच पिल्लू ओळखू येईनासे होते. अन्न पुढे ठेवताच ते त्यावर तुटून पडते, तोंडात घास असतानाच गुरगुरते आणि जवळ आलेल्या हातावर पंजा मारते. घरात दुसरे मांजर असल्यास त्याच्या अंगावर धावते. घाईघाईने गिळलेले अन्न पुष्कळदा ओकून टाकते, ओकलेले पुन्हा खाते आणि ताटली चाटूनपुसून स्वच्छ झाली तरी ओरडत राहते. चार दिवस हे पाहिल्यावर घरातील वडीलधारी माणसे निकाल देतात: हे आधाशी आहे, कृतघ्न आहे, जेथून आणले तेथे नेऊन सोडा. कित्येक मांजरांचा गृहवास या एका वाक्याने संपतो. हा निकाल बहुधा घाईचा असतो. कारण ज्याला आधाशीपणा म्हणतात ते वस्तुतः भय असते.

मांजराचे मूळ पाहिल्यावाचून त्याचे जेवण समजत नाही. आपल्या घरातील मांजर हे आफ्रिका आणि पश्चिम आशियातील रानमांजराचे वंशज होय, हे 2007 साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनाने स्पष्ट केले. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी पुरलेले मांजर आढळले आहे. म्हणजे सहवास जुना आहे. पण या दीर्घ सहवासात मांजराने आपली शिकारीची रीत सोडली नाही. कुत्र्याचा पूर्वज टोळीने शिकार करी. मांजराचा पूर्वज एकट्याने शिकार करी आणि एकट्यानेच खाई. एका उंदरापासून मिळणारी ऊर्जा सुमारे 30 कॅलरी. चार किलो वजनाच्या मांजराला दिवसाला 200 ते 250 कॅलरी लागतात. हिशेब सरळ आहे: रोज सातआठ उंदीर, तेही दिवसरात्रीच्या निरनिराळ्या वेळी, आणि प्रत्येक यशस्वी झडपेमागे अनेक फुकट गेलेल्या झडपा. तेव्हा सकाळी एकदा आणि रात्री एकदा भरलेली ताटली ही माणसाच्या कचेरीची सोय आहे, मांजराच्या पोटाची नव्हे. तोंडात भक्ष्य धरून गुरगुरणे हाही त्याच्या जातीचा साधा उद्गार आहे. ‘हे माझे आहे’ एवढाच त्याचा अर्थ.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मांजराची पिल्ले जन्मतः भांडखोर नसतात. डोळे उघडण्यापूर्वीच, जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, बहुतेक पिल्लू आईचे एखाददुसरे ठरावीक स्तन आपले मानू लागते आणि वासाने नेमके तेथेच जाऊन लागते. त्यामुळे दूध पिताना झटापट फारशी होत नाही. भांडण सुरू होते ते ही व्यवस्था अकाली मोडल्यावर. आई वाहनाखाली सापडते, किंवा पिल्लांना कोणी पोत्यात घालून दूर सोडते, आणि महिन्या-दीड महिन्याचे ते पोर उकिरड्यावर मोठ्या बोक्यांच्या, कुत्र्यांच्या आणि कावळ्यांच्या पंगतीला बसते. तेथे जो थांबतो तो उपाशी राहतो. फिनलंडमध्ये हजारो पाळीव मांजरांची माहिती गोळा करून 2017 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांत आक्रमकपणा अधिक आढळतो, असे त्यात दिसून आले. ही मांजरे घरांत वाढलेली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे रस्त्यावरच्या पोरक्या पिल्लाची कल्पना करता येते.

भूक शमली तरी भुकेचे भय शमत नाही, याचा पुरावा माणसांनीही दिलेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने 36 निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, 24 आठवडे अर्धपोटी ठेवले. ही सुशिक्षित आणि शांततावादी माणसे ताटे चाटू लागली, अन्नाची स्वप्ने पाहू लागली, पाककृतींची पुस्तके जमवू लागली. पुढे त्यांना पोटभर अन्न मिळू लागले तेव्हा त्यांपैकी काही जण नेहमीच्या कितीतरी पट खात, तरीही समाधान झाले नाही असे सांगत. हा सारा वृत्तांत 1950 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रात 1972 चा दुष्काळ पाहिलेल्या माणसांना मात्र त्यासाठी मिनेसोटापर्यंत जाण्याचे कारण नाही. ताटात उरलेला भाकरीचा तुकडा टाकून देताना त्यांचा हात आजही अडखळतो. जे विवेकी माणसाला सहा महिन्यांत झाले, ते आयुष्याचे पहिले दोन महिने उपाशी काढलेल्या पिल्लाला होऊ नये, ही अपेक्षाच अवास्तव आहे.

तथापि प्रत्येक हावरेपणा मनाचा असतो असेही नव्हे. पोटात जंत असल्यास खाल्लेले अंगी लागत नाही. वय झालेल्या मांजरात गळ्यातील थायरॉइड ग्रंथी बिघडली तर ते सतत खाते आणि तरी रोडावते. मधुमेहातही भूक वाढते. म्हणून पहिली पायरी पशुवैद्याची. दुसरे कारण आपल्या घरांत विशेष आढळते, ते म्हणजे दूधभात. मांजर आणि दूध यांची सांगड आपल्या भाषेत इतकी घट्ट बसली आहे की तिच्याविषयी शंका घेणेच विचित्र वाटते. परंतु वाढ झालेल्या पुष्कळ मांजरांना दूध पचत नाही, आणि त्यांच्या जिभेला गोड चव कळतच नाही, हे 2005 साली सिद्ध झाले. मांजर हे निखळ मांसाहारी जनावर आहे. मांसमासळीत असणारे टॉरिन नावाचे द्रव्य त्याच्या आहारात नसेल तर त्याच्या डोळ्यांचा पडदा खराब होतो, हे 1975 साली, आणि हृदय दुबळे होते, हे 1987 साली कळून आले. केवळ दूधभातावर ठेवलेल्या मांजराचे पोट भरते, पण शरीराची मागणी तशीच राहते. असे मांजर मासळीच्या वासाने वेडे झाले तर दोष त्याचा नव्हे. शाकाहारी घरांना हे अवघड वाटेल. त्यांनी मांजरासाठी तयार मिळणारे समतोल खाद्य आणावे, हाच त्यातल्या त्यात सुसह्य मार्ग. ताटातील उष्टे मात्र घालू नये. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात, आणि आपल्या रश्शात दुसरे असते काय?

शरीर निरोगी ठरले तरी वर्तन तेच राहिले, तर उपाय मनावर करावा लागतो. इटलीतील पादुआ येथील पशुवैद्यकांनी 2012 साली अशी एक हकीकत प्रसिद्ध केली. आठ महिन्यांचा एक सयामी बोका अन्नावर तुटून पडे, अन्नासाठी अंगावर येई, अखाद्य वस्तूही खाई आणि माणसांच्या सारखा मागे लागे. तपासणीत आजार निघाला नाही. तेव्हा त्याला अन्न आणि माणसे एकत्र असताना शांत राहण्याची हळूहळू सवय लावण्यात आली, आणि काही महिन्यांत त्याचे वर्तन सुधारले.

ही सवय लावण्याचे तत्त्व एकच: अन्न येणार हे मांजराला निश्चित कळले पाहिजे. दिवसाचे खाद्य मोजून घ्यावे आणि त्याचे चारपाच लहान वाटे करून ठरल्या वेळी, ठरल्या जागी द्यावे. जागा कोपऱ्यातली, वर्दळीपासून दूर असावी. पण मांजर कोंडल्यासारखे होऊ नये. दोन मांजरे असतील तर दोन ताटल्या, आणि त्याही एकमेकांच्या नजरेआड. फार भराभर गिळणाऱ्याला पसरट ताटात खाद्य पांगवून द्यावे, म्हणजे वेचून खावे लागते. जेवणापूर्वी दहा मिनिटे दोरी किंवा पीस हलवून शिकारीचा खेळ खेळवला तर अंगातील ताण उतरतो. ताटली समोरून कधीही ओढू नये. उलट, मांजर जेवत असताना त्याला खटकणार नाही इतक्या अंतरावरून मासळीचा एखादा तुकडा त्याच्याकडे टाकावा आणि निघून जावे. हे अंतर रोज वीतभर कमी करावे. माणूस ताटलीजवळ येतो तो घेण्यासाठी नव्हे, घालण्यासाठी, एवढे त्याच्या मनावर बिंबले की गुरगुरणे ओसरू लागते.

दोन चुका सर्रास होतात. पहिली मारण्याची. ताटलीपाशी चापट बसलेल्या मांजराचे भय खरे ठरते आणि पुढच्या वेळी ते गुरगुरण्याऐवजी सरळ चावते. दुसरी चूक प्रेमळ माणसांची. मांजर ओट्याशी ओरडते, नऊ वेळा कोणी लक्ष देत नाही, दहाव्या वेळी आजी ‘घे बाई एकदाचे’ म्हणून तुकडा टाकते. स्किनरने पारव्यांवर केलेल्या प्रयोगांतून, आणि 1957 साली फर्स्टरसह लिहिलेल्या ग्रंथातून, हे सविस्तर दाखविले आहे की अधूनमधून, अनिश्चितपणे मिळणारे बक्षीस वर्तनाला सर्वांत चिवट करते. आजींनी त्यांचे वाचन केलेले नसते. मांजराला त्याची गरज नसते.

लहान मुलांना या काळात ताटलीपासून दूर ठेवावे. मांजराचा दात सुईसारखा खोल जातो आणि जखम वरून किरकोळ दिसून आत चिघळते. रस्त्यावरून आणलेल्या जनावराच्या बाबतीत रेबीजची शंकाही धरलीच पाहिजे. चावा किंवा ओरखडा झाल्यास जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन लस घ्यावी. हळद लावून वाट पाहू नये.

सुधारणा सरळ रेषेत होत नाही. घरी पाहुणे आले, बिऱ्हाड बदलले, नवे मांजर आले, की जुने भय पुन्हा डोके वर काढते. मग पुन्हा पहिल्या अंतरापासून आरंभ करावा लागतो. काही मांजरांना दोन महिने पुरतात, काहींना वर्ष लागते, आणि काही जन्मभर थोडी घाईनेच जेवतात. बदल होत आहे याची खूण मात्र सहज ओळखता येते. मांजर जेवता जेवता मान वर करून खिडकीबाहेर पाहते, पुन्हा दोन घास खाते, आणि एके दिवशी ताटलीत चार दाणे तसेच ठेवून पंजा चाटत उन्हात जाऊन बसते.