काळं कुठे, लाल कुठे

सकाळचे साडेनऊ. पाऊस बारीक पडतोय. अंबरनाथमधल्या कल्याण-बदलापूर रस्त्यालगतच्या, जळालेल्या मोटारींची वाइंडिंग बांधून देणाऱ्या या गाळ्याचं शटर अजून अर्धंच वर आहे, आणि बाहेर एक टेम्पो येऊन थांबतो. दोन हमाल त्यातून साडेसात हॉर्सपॉवरची मोटार उतरवतात. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातला फर्निचरचा कारखानदार मागोमाग छत्री मिटत आत शिरतो. "भाऊ, शाम तक चाहिए. ऑर्डर अटका है."

मिस्त्री त्याच्याकडे न बघता टर्मिनल बॉक्सचे चार स्क्रू सोडवतात, झाकण बाजूला करतात आणि नाक आत घालतात. "गेली." मग इन्सुलेशन तपासणाऱ्या मेगरची एक वायर टर्मिनलला आणि दुसरी बॉडीला लावून हँडल फिरवतात. काटा शून्यावर. म्हणजे नाकाला कळलं होतं तेच मेगर सांगतोय. पण गिऱ्हाइकाचा विश्वास काट्यावर असतो, नाकावर नसतो.

अंबरनाथच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा कोर्स करून बाहेर पडलेले हे मिस्त्री. साठीला आलेत. कारखान्यात नोकरी केली, मग हा गाळा टाकला. भिंतीवर एनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेची रिळं गेजनुसार ओळीनं लावलेली. कोपऱ्यात वार्निशचा डबा. बाकावर कात्री, बांबूच्या कापलेल्या काड्या, कॉटन टेप आणि आकडे लिहून लिहून फुगलेली एक जाडजूड वही.

मागचं जाळीचं कव्हर निघतं आणि आतून मूठभर लाकडाचा भुसा खाली पडतो. शेठ लगेच बोट दाखवतो. "देखो, भुसा. हवा नहीं मिली, गरम हो गया."

"थांबा साईं," मिस्त्री म्हणतात. पुलर लावून पुली काढली जाते, दोन्ही बाजूंची कव्हरं सुटतात, हाताखालचा पोरगा रोटर अलगद बाहेर ओढतो. आता टॉर्च आत. स्टेटरच्या तोंडाशी कॉइलची वळलेली टोकं गोलाकार बसलेली आहेत. मिस्त्री मला जवळ बोलावतात. "मोजा. काळं कुठे, लाल कुठे."

मी मोजतो. चार पोलची मोटार, एकूण बारा गट. चार गट जळून कोळसा झालेत, आठ तांबूस, जवळजवळ नवे. आणि ते चार काळे गट एकाच बाजूला गोळा झालेले नाहीत. एक काळा, दोन लाल, पुन्हा एक काळा, दोन लाल, असं अगदी सारख्या अंतरानं.

"भुशानं जळली असती तर सगळी काळी झाली असती," मिस्त्री सांगतात. "लोड जास्त झाला तरी तेच, तिन्ही फेजची वाइंडिंग सारखी भाजते. एका ठिकाणचं एनॅमल सोलून दोन वेढे आपसात चिकटले असते, तर डाग एकाच जागी पडला असता. ही मोटार डेल्टात जोडलेली आहे, म्हणजे तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात. डेल्टात एक फेज गायब झाला की उरलेल्या दोन फेजच्या मधोमध जी वाइंडिंग येते तिच्यात बाकीच्या दोघींच्या दुप्पट करंट जातो. ती एकटी जळते. तिन्हींचं एकेक टोक एकत्र जोडून मोटार स्टारमध्ये असती तर उलटं दिसलं असतं. दोन फेज काळे, एक लाल."

एवढं ते एका दमात बोलतात आणि मग शेठकडे वळतात. "साईं, तुमचा एक फेज गेला होता."

शेठला हे पटत नाही. स्टार्टर नवा आहे, महागाचा आहे, ओव्हरलोड रिले आहे. फेज गेला तर रिलेनं पाडायला नको का? बरोबरच आहे प्रश्न. मिस्त्री विचारतात, "स्टार-डेल्टा स्टार्टर ना? रिले कितीवर ठेवलाय?" शेठ कारखान्यात फोन लावतो. पलीकडचा कारागीर रिलेवरचा आकडा वाचून सांगतो : अकरा.

मिस्त्री मोटारीची पाटी कपड्यानं पुसतात. ४१५ व्होल्ट, ५.५ किलोवॅट, ११ अँपिअर, १४४० आरपीएम. "पाटीवर अकरा लिहिलंय, म्हणून लावणाऱ्यानं अकरा लावला. चूक तिथेच झाली."

ही चूक समजून घेण्यासारखी आहे, कारण ती अडाण्याची चूक नाही. पाटी वाचणाऱ्याची आहे. पाटीवरचे अकरा अँपिअर म्हणजे बाहेरच्या लाईनमधला करंट. साध्या डीओएल स्टार्टरमध्ये रिले लाईनमध्येच बसतो, तिथे पाटीवरचा आकडा लावला की काम झालं. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये मात्र रिले बहुधा डेल्टाच्या आत, वाइंडिंगच्या वाटेवर असतो. तिथे लाईनच्या ५८ टक्केच करंट जातो. अकराचे ५८ टक्के म्हणजे सहा-साडेसहा. रिले तेवढ्यावर असता तर एका वाइंडिंगमध्ये करंट वाढताच त्यानं मोटार पाडली असती. अकरावर ठेवल्यामुळे आत वाइंडिंग भाजत होती आणि रिलेच्या दृष्टीनं सगळं ठीक चाललं होतं.

शेठ ऐकून घेतो. "ठीक है, बाँध दो. कितना होगा?" मिस्त्री हॉर्सपॉवरच्या हिशेबानं रक्कम सांगतात आणि वर बजावतात, "उद्या संध्याकाळी मिळेल, आज नाही. वार्निश सुकायला पाहिजे. आणि बसवायच्या आधी तिन्ही फेज तपासून घ्या, रिले सहा-साडेसहावर आणा, नाहीतर महिन्यात परत याल." शेठ 'हां हां' करत छत्री उघडतो. मला वाटतं, त्याच्या डोक्यात फक्त 'उद्या संध्याकाळी' शिरलंय.

उल्हासनगरचा कारखानदार घाईत असणारच. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत सिंधी निर्वासित उतरले, १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर नाव मिळालं, आणि बराकीच्या पुढच्या खोलीत मिळेल तो धंदा सुरू झाला. घर आणि कारखाना यांच्यात तिथे अजूनही कित्येकदा एकच भिंत असते. तारा मात्र गरजेप्रमाणे वाढत गेल्या. एका मीटरवरून चार यंत्रं, एका जोडावर दुसरा जोड. फेज जातो तो अशा जोडात.

पोरगा छिन्नी-हातोडी घेऊन एका बाजूच्या कॉइलची टोकं छाटायला लागतो. त्याआधी त्यानं जोडणीचं चित्र वहीत काढून घेतलंय. ३६ स्लॉट, पिच एक ते आठ, तारेचं गेज. आता एक न जळालेली कॉइल सोडवून तिचे वेढे तो बोटावर मोजतोय. इथे एक वेढा चुकला तर ती चूक पुढे तिन्ही फेजच्या प्रत्येक कॉइलमध्ये उतरते. मोजणी चालू असताना त्याच्याशी बोलायचं नाही, हा या गाळ्यातला नियम. मीही गप्प बसतो.

जुनी वाइंडिंग ओढून काढणं हे खरं कष्टाचं काम. वार्निशनं ती स्लॉटमध्ये दगडासारखी बसलेली असते. काही जण सरळ नाल्याकाठी स्टेटर ठेवून रॉकेल ओततात आणि काडी लावतात. दहा मिनिटांत कॉइल सुटते. मिस्त्रींना याची चीड आहे. स्टेटरचा गाभा अखंड लोखंडाचा नसतो, पातळ पत्र्यांची चळत असते, आणि पत्र्यापत्र्यामध्ये इन्सुलेशनचा बारीक थर असतो. तो थर आगीत गेला की पत्रे एकमेकांना विद्युतदृष्ट्या चिकटतात आणि मग मोटार लोड नसतानाही तापत राहते. बांधणी उत्तम, तार उत्तम, तरी तापते, आणि दोष नव्या वाइंडिंगला लागतो.

गाळ्याच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या पिंपात एक छोटा स्टेटर ठेवलाय आणि त्याच्या पोटात दोनशे वॉटचा बल्ब पेटवलाय. पावसाळ्यातलं हे नेहमीचं काम. ओल पिऊन बसलेली मोटार. मिस्त्री तासातासाला मेगर लावून आकडा वहीत लिहितात. मजा अशी की सुकवायला घेतल्यावर आकडा आधी खाली येतो. गरम झाल्यावर ओल वाइंडिंगभर पसरते, इन्सुलेशन आणखी कमजोर दिसतं. नवखा माणूस इथे घाबरून वाइंडिंग कापून टाकतो. थोडा धीर धरला की आकडा चढायला लागतो आणि मोटार न बांधताच वाचते.

२०१९ च्या जुलैअखेर उल्हास नदी पात्राबाहेर आली, महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान हजारावर प्रवाशांसह पाण्यात अडकली. ती बातमी देशभर गेली. बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाडा, रमेशवाडी भागात पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरचे पंपही बुडाले, त्याची बातमी कोण करणार? पाणी ओसरलं की घाईनं बटण दाबायचा मोह होतो आणि गाळ भरलेली मोटार तिथेच जळते. आधी खोलून, स्वच्छ पाण्यानं धुऊन, भाजून घेतली तर बऱ्याचशा मोटारी वाचतात.

मध्येच जीन्सच्या कारखान्यातला एक मुलगा शिलाई मशीनची क्लच मोटार ठेवून जातो. ही मोटार शिलाई चालू असो-नसो, दिवसभर फिरतच असते. पायाखालच्या पट्टीनं फक्त क्लच लागतो. आता शिवताना तेवढीच फिरणारी सर्व्हो मोटार येते, तिला वीज कमी लागते आणि ती इथे बांधायला येत नाही, तिचं कार्ड बदलतात. मिस्त्री याबद्दल तक्रार करत नाहीत, नुसतं सांगतात.

साडेअकराला बदलापूरहून फोन. सोसायटीचा पंप बंद, टाक्या रिकाम्या, वायरमन म्हणतो मोटार जळाली, घेऊन जा. मिस्त्री विचारतात, "वास येतोय का?" पलीकडे शांतता. "जरा जाऊन वास घ्या आणि सांगा." पाच मिनिटांनी उत्तर येतं, वास नाही. मिस्त्री पिशवी उचलतात. पिशवीत मेगर, मीटर, टाँग टेस्टर आणि सिरीजमध्ये जोडलेले दोन बल्ब. आम्ही लोकल पकडतो.

सोसायटीच्या पंपघरात आधीच सात-आठ माणसं जमली आहेत. सेक्रेटरी, दोन काकू, वॉचमन आणि तो वायरमन. तीन हॉर्सपॉवरची मोटार, डीओएल स्टार्टर. "बटण दाबलं की घूं करते, फिरत नाही, आणि पाच सेकंदांत रिले पाडतो," वायरमन सांगतो. "तिन्ही फेज आहेत, टेस्टर लावून बघितलं. काका, मी म्हणत होतो रिले जरा वाढवून बघू."

"तो वाढवला नाहीस हे बरं केलंस," मिस्त्री म्हणतात.

पहिलं काम म्हणजे ते मेन स्विच पाडून फ्यूजचे तिन्ही किटकॅट उपटून खिशात घालतात. आता बाहेरून कुणी कितीही बटणं दाबली तरी काही होणार नाही. मग हातानं शाफ्ट फिरवून बघतात. मोकळा फिरतो, म्हणजे पंप जाम नाही आणि बेअरिंगही ठीक. वायरी सोडवून तिन्ही वाइंडिंगचा रेझिस्टन्स घेतात. तिन्ही सारखे. मेगर बॉडीला लावतात, वीस मेगओहमच्या पुढे. "मोटार ठणठणीत आहे."

"पण टेस्टर तिन्हीवर पेटत होता," वायरमन अडून बसतो.

"कधी बघितलंस? बटण दाबून धरलेलं असताना ना?" वायरमन मान हलवतो. मिस्त्री त्याला न दुखावता समजावतात. मोटार जोडलेली असताना चांगल्या फेजचा करंट वाइंडिंगमधून फिरून मेलेल्या वायरीवर येतो आणि टेस्टर तिथेही पेटतो. ते किटकॅट परत लावतात, मेन चालू करतात, स्टार्टर बंदच ठेवतात आणि दोन्ही बल्ब फेज ते फेज धरतात. दोन फेजच्या मधे ४१५ व्होल्ट असतात, एक बल्ब धरला तर उडेल, म्हणून सिरीजमध्ये दोन. पहिल्या आणि दुसऱ्या फेजमध्ये लख्ख. दुसऱ्या आणि तिसऱ्यात अंधार. पहिल्या आणि तिसऱ्यातही अंधार.

मेन पुन्हा पाडून तिसरा किटकॅट बाहेर काढतात आणि सगळ्यांना दाखवतात. फ्यूजची तार शाबूत आहे, पण ज्या पितळी पट्टीत तो रुततो ती सैल होऊन, ठिणग्या खाऊन काळी पडली आहे. कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा बेस आणि किटकॅट येतो. मिस्त्री आधी रिलेचा आकडा बघतात. पाच. मोटारीच्या पाटीवरही पाचच्या आसपास. या सोसायटीत कुणीतरी कधीतरी तो बरोबर लावून ठेवलाय, आणि म्हणून ही मोटार आज जिवंत आहे.

वायरी जोडून बटण दाबतात. मोटार झटक्यात सुरू होते. टाँग टेस्टर एकेका वायरीभोवती फिरतो, तिन्हीत सारखा करंट. पण वॉचमन गच्चीवरून ओरडतो, पाणी नुसतं बोटभर धारेनं येतंय! मिस्त्री हसतात, वायरी सोडवल्या तेव्हा क्रम बदलला, पंप उलटा फिरतोय. मेन बंद, कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल, पुन्हा चालू. वर टाकीत पाणी धो धो पडायला लागतं. काकू निघून जातात.

राहतो पैशाचा प्रश्न. "म्हणजे मोटार जळलेलीच नव्हती," सेक्रेटरी म्हणतात. "मग फ्यूजचे आणि तुमच्या येण्याजाण्याचे घ्या ना काका. काम तर काही निघालं नाही."

मिस्त्री वाद घालत नाहीत. सांगितले तेवढे घेतात. हीच मोटार ते रिक्षात घालून घेऊन गेले असते, दोन दिवस गाळ्यात ठेवून रंग मारून आणली असती, तर तीन हॉर्सपॉवरच्या बांधणीचे पूर्ण पैसे याच सेक्रेटरींनी बिनतक्रार दिले असते. असं करणारे आहेत, आणि त्यांना तसं करायला आपणच शिकवतो.

तेव्हा तुमच्या इमारतीचा पंप बंद पडला, तर मोटार उचलू देण्याआधी ती कशानं बंद पडली हे विचारा. जळालीच असेल तर खोललेली मोटार स्वतः जाऊन बघा आणि काळं कुठे, लाल कुठे ते मोजा. आणि एखाद्यानं मोटार न बांधता दोष शोधून दिला, तर त्याला फ्यूजचे नव्हे, शोधण्याचे पैसे द्या.