ब्रेक लावताना कारला होणारे कंपन : कारणमीमांसा, निदान व उपाय
(दारव्हा परिसरातील वाहनधारकांच्या विशेष संदर्भात)

बीजशब्द : डिस्क ब्रेक, कंपन, जाडीतील असमानता, हब, रस्ता सुरक्षा

प्रस्तावना :
दारव्हा हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण होय. ‘शकुंतला’ या नावाने परिचित असलेली यवतमाळ–मूर्तिजापूर नॅरोगेज रेल्वे एकेकाळी दारव्ह्यावरून धावत असे. ती सेवा बंद पडल्यानंतर यवतमाळ, दिग्रस, कारंजा या गावांकडील प्रवासाचा संपूर्ण भार रस्त्यावर आला. कापसाच्या हंगामात याच रस्त्यांवर ट्रॅक्टर, बैलगाड्या व मालवाहू वाहने यांची वर्दळ असते आणि चालकास वारंवार जोराने ब्रेक लावावा लागतो. अशा वेळी स्टेअरिंग थरथरणे किंवा ब्रेकचे पेडल पायाखाली उसळणे ही तक्रार अनेक वाहनधारक करतात. “डिस्क वाकली” असे म्हणून नवीन डिस्क बसविली जाते. मात्र काही महिन्यांनी तेच कंपन पुन्हा सुरू होते. खर्च होऊनही दोष का जात नाही, याचा शास्त्रीय उलगडा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ब्रेकचे कार्य व उष्णता :
ब्रेक हे वाहनाच्या गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करणारे साधन आहे. १००० कि.ग्रॅ. वजनाची कार ताशी ८० कि.मी. वेगाने जात असता तिची गतिज ऊर्जा सुमारे २४७ किलोज्यूल असते. ताशी ४० कि.मी. वेगाला ती केवळ ६२ किलोज्यूल, म्हणजे एक चतुर्थांश असते. ब्रेक लावताच वाहनाचा भार पुढे झुकत असल्याने या ऊर्जेचा मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कना सोसावा लागतो. वेग दुप्पट झाला की ब्रेकवरील ताण चौपट होतो, ही बाब चालकाने सदैव ध्यानात ठेवावी.

कंपनाची कारणे :
डिस्क उष्णतेने वाकते हा समज सर्वत्र रूढ आहे. तथापि बहुतांश प्रकरणी मूळ कारण डिस्कच्या जाडीतील असमानता हे असते. डिस्कची जाडी एखाद्या ठिकाणी ०.०१५ मि.मी. ने कमी-अधिक असली तरी तेवढा फरकही पायाला जाणवू शकतो. ही असमानता प्रामुख्याने दोन प्रकारे निर्माण होते.

पहिला प्रकार असा की, डिस्क बसविताना हबवरील गंज वा माती साफ केली जात नाही. हबवरचा ०.०५ मि.मी. चा कण डिस्कच्या बाह्य कडेपर्यंत सुमारे दुप्पट डोल निर्माण करतो. अशी डिस्क ब्रेक न लावतासुद्धा प्रत्येक फेरीत पॅडला एकाच जागी घासते. हजारो किलोमीटरनंतर ती जागा झिजून पातळ होते. नवीन डिस्क बसवूनही कंपन काही महिन्यांनी का परतते, याचे उत्तर येथे मिळते.

दुसरा प्रकार म्हणजे, ब्रेक अतिशय तापलेला असताना गाडी थांबवून पेडल दाबून ठेवल्यास पॅडच्या द्रव्याचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो. यांशिवाय कॅलिपरच्या पिना अडकणे, व्हील नट असमान आवळले जाणे, मागील ड्रम गोल न राहणे हीही कारणे संभवतात. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड व बुश झिजलेले असल्यास ते कंपन निर्माण करीत नाहीत, परंतु लहान कंपन मोठे करून दाखवितात.

निदानाची पद्धती :
१) ब्रेक न लावताही ठरावीक वेगाला गाडी थरथरत असेल तर दोष बहुधा टायर वा बॅलन्सिंगचा असतो. पावसाळ्यात रिमच्या आतील बाजूस वाळून बसलेली काळी माती हे आपल्याकडील नेहमीचे कारण आहे. ती धुऊन काढल्यानंतरच पुढील तपासणी करावी.
२) ब्रेक लावल्यावर स्टेअरिंग थरथरल्यास पुढील चाके आणि आसन व तळ थरथरल्यास मागील चाके संशयास्पद समजावीत.
३) मोकळ्या मैदानात कमी वेगात, हँडब्रेकचे बटण दाबून धरून तो हळूहळू ओढावा. ज्या कारमध्ये हँडब्रेक मागील ड्रमवर कार्य करतो, तेथे या वेळी कंपन आल्यास दोष ड्रममध्ये आहे.
४) ताशी ८० कि.मी. वेगाला लहान कारचे चाक सेकंदाला सुमारे १२ ते १३ फेऱ्या घेते, तर ४० ला सुमारे ६. त्यामुळे डिस्कच्या दोषाने होणारे कंपन वेगासोबत संथ होत जाते. निसरड्या रस्त्यावर जोराने ब्रेक लावल्यास पेडलला बसणारे जलद धक्के मात्र ए.बी.एस. चे असून तो दोष नव्हे.
५) शेवटी मोजमाप करावे. डायल गेजने डिस्कचा डोल पाहावा. अनेक कारमध्ये त्याची मर्यादा ०.०५ ते ०.१० मि.मी. असते. मायक्रोमीटरने किमान आठ ठिकाणी जाडी मोजावी.

उपाययोजना :
डिस्क काढल्यावर हबची बैठक तारेच्या ब्रशने स्वच्छ करणे ही सर्वांत स्वस्त व सर्वाधिक दुर्लक्षित कृती आहे. डिस्कवर नोंदविलेल्या किमान जाडीपेक्षा पुरेसे धातू शिल्लक असेल तर लेथवर तिचे दोन्ही पृष्ठभाग समतल करता येतात. अन्यथा एकाच आसावरील दोन्ही डिस्क व पॅड बदलावेत. कॅलिपरच्या पिना साफ करून त्यांना उष्णतारोधक ग्रीस लावावे. व्हील नट समोरासमोरच्या क्रमाने, उत्पादकाने सांगितलेल्या बळानेच टॉर्क पान्याने आवळावेत. ब्रेकची धूळ फुंकणीने उडवू नये. ती श्वसनास अपायकारक आहे. नवीन पॅड बसविल्यावर ताशी ५० वरून १० कि.मी. पर्यंत वेग हलकेच कमी करण्याची क्रिया आठ-दहा वेळा, मध्ये थंड होण्यास अवधी देऊन करावी. तापलेल्या डिस्कवर पाणी मारू नये.

निष्कर्ष :
१) ब्रेकच्या कंपनाचे कारण बहुधा वाकलेली डिस्क नसून तिच्या जाडीतील असमानता असते.
२) मोजमाप व हबची स्वच्छता यांविना केलेला बदल तात्पुरता ठरतो.
३) कंपनासोबत गाडी एका बाजूस ओढली जात असेल, पेडल खोल जात असेल किंवा चाक सैल वाटत असेल तर वाहन त्वरित थांबवून तपासावे.

भाड्याने गाडी चालविणाऱ्यास दुरुस्तीचा दुहेरी खर्च परवडणारा नसतो आणि प्रवाशांचा जीव तर त्याहून मोलाचा आहे. म्हणून गॅरेजमध्ये ‘डिस्क बदला’ असे सांगण्यापूर्वी ‘डिस्क मोजा’ असे सांगण्याची सवय वाहनधारकांनी लावून घेणे हितावह ठरेल.